दोनशे रुपयांचं सामान

आई,

तांदूळ पाच किलो, पन्नास रुपये. बाजरी पाच किलो, पंचवीस. तूरडाळ दोन किलो, अठ्ठेचाळीस. गोडेतेल एक किलो, बेचाळीस. गूळ एक किलो, अकरा. चहा शंभर ग्रॅम, बारा. मीठ तीन रुपये, कपड्याच्या साबणाची वडी सात. एकूण एकशे अठ्ठ्याण्णव. उरलेले दोन रुपये मी देवापुढच्या वाटीत टाकले.

हे सामान माळीणबाईंच्या घरी पोचलं त्याला आता नऊ वर्षं होतील. ही यादी तुम्ही कधी ऐकली नाहीत. वहीत ती आहे, माझ्याच अक्षरात, भाद्रपदातल्या एका बुधवारच्या पानावर. पण त्या संध्याकाळी तुमच्या खाटेशी बसून दिवसाचा हिशेब वाचून दाखवताना मी नजर त्या यादीवर ठेवली आणि तोंडाने म्हटलं, "माळीणबाईंना रोख दोनशे." तुम्ही "बरं केलंस" म्हणालात. लक्ष्मीपूजनाला जिच्यावर आपण हळदकुंकू वाहतो त्या वहीत खोटं लिहायला माझा हात धजेना. तोंड मात्र धजलं. तुम्ही मला शंभराच्या दोन नोटा दिल्या होत्या, त्या तशाच तिच्या हातात ठेव म्हणून बजावलं होतं. मी त्यांचं सामान करून दिलं, आणि पैसे दिले म्हणून तुम्हाला सांगितलं. गेल्या गुरुवारी मी दिंडोरीला जाऊन आले. तिथे जे कळलं ते डोक्यातून जात नाही, म्हणून दुपारची भांडी आवरून हे लिहायला बसले आहे.

पैसे हातात द्यायचे नाहीत हे मला तुम्हीच शिकवलं होतं, आई. सिंहस्थाच्या आदल्या वर्षी लग्न होऊन मी पंचवटीतल्या तुमच्या दोन खोल्यांत आले. कळवणच्या शाळेतून मॅट्रिक झालेली, बेरीज-वजाबाकी चोख, एवढाच काय तो माझा गुण. तुम्ही पहिल्याच महिन्यात घरखर्चाची वही माझ्याकडे दिलीत. कडेला शेजारच्या बायका बसल्या होत्या, त्यांना म्हणालात, "आमची सून शिकलेली आहे हो, आता माझं कोळशाने भिंतीवर रेघा मारणं संपलं." मला केवढा अभिमान वाटला. आणि दोनच महिन्यांनी ती वीस रुपयांची गोष्ट घडली. आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी मुलीच्या वह्यांसाठी वीस रुपये मागितले, तुम्ही देवळात गेला होतात, मी दिले. त्या संध्याकाळी त्यांच्या नवऱ्याने ते हिसकून घेतले, पिऊन आला, आणखी आहेत का म्हणून बाईंना मारलं. दुसऱ्या दिवशी त्या कपाळावर पट्टी बांधून कामाला आल्या. तुम्ही त्यांना ओट्याशी पाटावर बसवून हळदीचं दूध दिलंत आणि त्यांच्यादेखतच मला म्हणालात, "बघून घे. हे चार टाके तुझ्या वीस रुपयांचे आहेत." बाईच मध्ये पडल्या, "जाऊ द्या हो आजी, पोरीला काय माहीत," म्हणाल्या. मी मोरीत जाऊन रडले. संध्याकाळी तुम्ही मला जवळ बसवलंत, डोक्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "पैसे कुणीही काढून घेतं. वह्या हव्यात तर वह्या आणून द्याव्यात. भूक असेल तर पीठ द्यावं. द्यायचं तर असं द्यायचं की ते कुठे गेलं हे आपल्याला डोळ्यांनी दिसावं." ते मी इतकं घट्ट धरून ठेवलं की पुढे तुम्ही सोडलंत तरी माझ्याकडून सुटलं नाही.

माळीणबाई तुम्हाला आठवत असतीलच. मखमलाबादच्या अंगाला दुसऱ्याच्या वावरात अर्ध्या वाट्याने शेवंती आणि झेंडू करायच्या, आणि सकाळी साडेसहाला आपल्या दाराच्या कडीला फुलपुडी अडकवून जायच्या. पुडी बांधलेलं पान कधी कोरडं नसायचं. तुम्ही खिडकीशी उभ्या असलात तर दोन शब्द व्हायचेच. "आज फुलं कमी वाटतात गं." "आजी, तुमचा देव जेवढा हाय तेवढीच दिली. लय फुलं टाकली तर गुदमरंल ना तो." तुम्ही हसत हसत आत यायचात आणि मला सांगायचात, बघ काय बोलते. त्यांचे मालक फुलबाजारात बसायचे. उंच, शांत माणूस. दसऱ्याला तोरणं घेऊन यायचे. एका दसऱ्याला त्यांच्या तोंडाला वास आला होता. एकदाच. तो वास मी मनात टिपून ठेवला, आणि पुढे वेळ आली तेव्हा तोच मी पुरावा म्हणून काढला. स्वतःलाच दाखवायला.

तुम्ही न्हाणीत पडून मांडीचं हाड मोडलं ते त्या वर्षीच्या ज्येष्ठात. खाट खिडकीशी लावली. भेटायला येणारं प्रत्येक माणूस केळी घेऊन येत होतं, नाहीतर बिस्किटांचा पुडा. केळी काळी पडायची, मी त्यांची शिकरण करायची, तुम्ही दोन घास खाऊन वाटी सरकवायचात. एका दुपारी तुम्ही मला म्हणालात, "गेले दोन महिने मी लोकांच्या मनातली केळी खातेय. मला काय हवंय ते एकानेही विचारलं नाही." मी म्हटलं, "काय हवंय आई, सांगा ना, आणते." तुम्ही म्हणालात, "आणू नकोस. मला उशीखाली चार पैसे हवेत. आणि कशाला म्हणून कुणी विचारायचं नाही." मला हसू आलं. अंथरुणात पडलेल्या माणसाला पैसे कशाला लागतात, असं वाटलं. ह्यांनी तुमच्या उशीखाली शंभराच्या तीन नोटा ठेवल्या. त्यातली एक तुम्ही कुणाला दिलीत ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि खरं सांगते, वहीत तिच्यापुढे काय लिहावं या विचाराने मी हैराण झाले होते.

मग भाद्रपदात माळीणबाई फुलपुडी अडकवून गेल्या नाहीत, दारात उभ्या राहिल्या. मी पोळ्या लाटत होते, तशीच पिठाच्या हातांनी बाहेर गेले. मालकांच्या छातीचं दुखणं वाढलं होतं. डॉक्टरांनी तीस सुया लिहून दिल्या होत्या, रोज एक. "मधी खंड पडू द्यायचा नाय म्हणाले वहिनी. पडला तर पहिल्यापासून सगळं वाया. औषध आन टोचणावळ मिळून आठ रुपये पडतात एकीला. माझ्याकडं चाळीस हायेत. दोनशे असतील का? दिवाळीला झेंडू निघाला की फेडते." मी ठरलेलं बोलले. म्हटलं, पैसे नाहीत हो हातात, पण घरात काय कमी आहे ते सांगा, मी भरून देते. त्या माझ्या पिठाच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "खायला हाय, वहिनी. भाकरीचं काय नाय." एवढं स्पष्ट सांगितलं होतं त्यांनी. मी कितीदा आठवून बघितलं, कुठे मला ऐकू आलं नसेल, कुठे काही वेगळं समजलं असेल. नाही. नीट ऐकलं होतं.

खिडकीतून तुम्हीही ऐकलंत. त्या गेल्यावर मला हाक मारलीत. उशीखालून उरलेल्या दोन नोटा काढल्यात, नोटा गरम झाल्या होत्या तुमच्या मानेच्या उबेने. "हे तिला नेऊन दे. तिच्या हातात दे. दुकानात जाऊ नकोस." मी म्हटलं, "आई, तुम्हीच ना म्हणायचात..." तर तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. "म्हणत होते. मला आता कळतंय. जा."

मी गेले, आई. दोन्ही नोटा ब्लाऊजमध्ये ठेवून, चपला घालून, उन्हाची निघाले. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. दुकानाशी आले आणि पाय थांबले. तो दसऱ्याचा वास आठवला. भांडीवाल्या बाईंची पट्टी आठवली. वाटलं, आईंना दुखण्यामुळे असं हळवं व्हायला झालंय, उद्या तो माणूस प्यायला आणि तिला मारलं तर टाके कुणाच्या नावावर? माझ्याच. तुम्ही नोटा दिल्यात तरी हात माझा. आणि वाटलं, सामान दिलं तर तिचा घरखर्च वाचेल, वाचलेल्यातून ती सुया आणेल, हिशेब तोच. असं मी दुकानाच्या पायरीवर उभं राहून ठरवलं. हुशारी केली. तिच्या घरात खर्च करायला पैसेच नव्हते, तर वाचणार काय, हे मॅट्रिक झालेल्या बाईला उमगलं नाही. दुकानदाराला यादी सांगितली, चांगला तांदूळ घेतला, हलका नाही. तुमच्या जुन्या निळ्या पातळाची मी शिवलेली मोठी पिशवी होती, तीत सगळं भरून रिक्षाने मखमलाबादला गेले. रिक्षाचे पैसे माझ्या साठवणीतले घातले, तुमच्या दोनशेतले नाही. तेवढा प्रामाणिकपणा केला बघा.

माळीणबाई अंगणात पाणी भरत होत्या. मालक आत पडले होते, खोकला बाहेर ऐकू येत होता. मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हटलं, "आईंनी पाठवलंय." त्यांनी पिशवी उघडून पाहिली. तांदळात हात घातला, बाहेर काढला. "आजीनं हे पाठवलं?" म्हणून विचारलं. मी "हो" म्हटलं. बघा, एका दिवसात दोन बाजूंना दोनदा खोटं बोलले, आणि दोन्ही वेळा तुमच्याच पैशांबद्दल. त्या म्हणाल्या, "बसा, चहा टाकते," आणि माझ्याच पुड्यातली चहापत्ती काढून मला चहा दिला.

पुढच्या आठवड्यात साखर आणायला गेले तर दुकानात खिळ्याला ती निळी पिशवी लटकलेली. दुकानदार म्हणाला, "ताई, तुमची आहे ना? न्या. ती फुलवाली बाई सगळं परत घेऊन आली होती. आम्ही परत घेत नाही, पण म्हणाली कितीलाही घ्या, आत्ता पैसे द्या. एकशे दहा दिले." मी पिशवी घेऊन घरी आले. राग राग आला मला. फसवलं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी दारात उभीच होते. म्हटलं, "आईंच्या नावाचं सामान विकलंत तुम्ही?" त्यांनी फुलपुडी कडीला अडकवली, टोपली डोक्यावर सारखी केली. "विकलं वहिनी," म्हणाल्या. बस्स. कारण मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. तरी मी दार लावून घेतलं.

चाळीस आणि एकशे दहा, दीडशे. दीडशेत अठरा सुया होतात. हा भागाकार मी त्या वेळी केला नाही. माझ्याइतकं ह्या घरात कुणी भागाकार करत नाही, पण तो केला नाही. केला तो खूप नंतर, आणि आता थांबत नाही. दळण टाकताना होतो, जप करताना होतो. एकशे आठ मण्यांच्या माळेत अठराव्या मण्यावर बोट अडखळतं.

त्यानंतर त्या तुम्हाला भेटायला आल्या ती दुपार. तुम्ही निरोप पाठवला होतात का, की त्या आपणहून आल्या, मला ठाऊक नाही. मी दाराच्या चौकटीत उभी. त्या खाली सतरंजीवर बसल्या आणि तुमच्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आजी, तुम्ही पाठवलं ते मिळालं." तुम्ही विचारलंत, "कामाला आलं ना?" "आलं की. लय कामाला आलं." मग तुम्ही मला म्हणालात, "सूनबाई, चहा टाक." मी सुटल्यासारखी आत गेले. स्टोव्ह पेटवला, आलं किसलं, मुद्दाम हळू हळू. कप घेऊन बाहेर आले तर माळीणबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून निजला होतात. त्या चहा न घेताच उठल्या. संध्याकाळी मी नेहमीसारखी वही घेऊन तुमच्याशी बसले, तर तुम्ही भिंतीकडेच बघत म्हणालात, "राहू दे. आता तूच बघत जा." तुम्हाला दुखतंय म्हणून म्हणालात, असं मी समजले. की मला तसंच समजायचं होतं? त्यानंतर तुम्ही एकदाही हिशेब ऐकला नाहीत. दिवाळी झाली आणि कार्तिकात तुम्ही गेलात.

आता तुम्हाला ठाऊक नाही ते सांगते. पौषात माळीणबाईंचे मालक गेले. मला कळलं ते त्यांच्याच तोंडून. चार दिवस फुलपुडी नव्हती, मी मनात कुरकुरत होते. पाचव्या दिवशी त्या दुपारच्या आल्या, कपाळ मोकळं, हातात टोपली नाही. मी आत बोलावलं तर उंबऱ्याबाहेरच थांबल्या. म्हणाल्या, "वहिनी, गंगेवर दहावा हाय. शिधा लागतो भटजींना. तांदूळ, डाळ, पीठ, गूळ, तेल. ते द्याल का? आता सामानच पाहिजे." आवाजात टोमणा नव्हता, आई. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं, काहीतरी उत्तर देता आलं असतं. मी आत जाऊन ताम्हण घेतलं, तांदूळ काढले, डाळ, पीठ, गुळाचा खडा, वाटीत तेल. तुमच्यासाठी दोन महिन्यांपूर्वीच केलं होतं सगळं, हाताला सवय होती. आणि त्याच सवयीने वर एक रुपयाचं नाणं आणि दहाची नोट ठेवली. माझा हात जरासुद्धा अडखळला नाही. त्यांनी नोटेकडे बघितलं. "हे काय?" मी म्हटलं, "दक्षिणा. शिध्यावर ठेवावीच लागते, नाहीतर शिधा पोचत नाही." बोलून गेले आणि तिथेच गार पडले. त्यांनी नोट बोटाने चाचपली. मग हळूच म्हणाल्या, "मेल्यावर चालतात व्हय रोख." शिधा पदरात बांधून घेतला. दहाची नोट वेगळी, पदराच्या दुसऱ्या टोकाला बांधली. त्यानंतर आपल्या कडीला त्यांची फुलपुडी लागली नाही. वावर ज्याचं होतं त्याने ते दुसऱ्याला दिलं आणि त्या भावाकडे दिंडोरीला गेल्या असं फुलबाजारातून कळलं.

तेव्हापासून मी लोकांना मदत करायची थांबले असं नाही. वह्या देते, गणवेश शिवून देते, कुणाच्या घरी आजार असला तर डबा देते. पण पिशवी भरताना तांदळात हात घातला की माळीणबाईंचा हात दिसतो. आत घालून बाहेर काढलेला, रिकामा. लक्ष्मीपूजनाला आपण जुन्या वह्याही मांडतो ना, त्यात ती असते. हळदकुंकू वाहताना वरच्या पानावर वाहते आणि खाली ते बुधवारचं पान आहे हे बोटांना कळतं. एकदा ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, माणूस आजारी होता, जायचाच होता. तुझ्या नव्वद रुपयांनी काय झालं असतं?" कदाचित काहीच झालं नसतं. पण आई, तसं म्हणायचा अधिकार डॉक्टरांना आहे, माळीणबाईंना आहे, मला नाही.

यंदा माघात मनाचा हिय्या केला. त्यांच्या भावाचा पत्ता काढला, शंभराच्या दोन नोटा पाकिटात घातल्या आणि निमाणीच्या स्टँडवरून दिंडोरीची एस.टी. धरली. दिंडोरीला उतरले तर स्टँडसमोर कापडाचं दुकान. खोटं सांगत नाही, मी आत शिरले. एक सुती पातळ बघितलं, अंजिरी रंगाचं, एकशे नव्वदला. दुकानदाराने कागदात बांधलंसुद्धा. मग एकदम तुमचा आवाज ऐकू आला, "दुकानात जाऊ नकोस." अगदी मागे उभं राहून म्हणावं तसा. मी ते पुडकं तिथेच टाकून रस्त्यावर आले. दुकानदार पाठीमागून ओरडत होता, "मावशी, कमी करतो ना!"

माळीणबाई एका द्राक्षबागेत पंधरा-वीस बायकांबरोबर सावलीत बसल्या होत्या, हातात बारीक कात्री, घडातले खराब मणी काढत होत्या. मला लांबूनच ओळखलं. "अगं बाई, वहिनी! पांढऱ्या झालात की!" बाकीच्या बायकांना म्हणाल्या, "ह्या आमच्या नाशिकच्या वहिनी. ह्यांच्या देवाला मी धा वर्षं फुलं घातली." मला वाटलं होतं त्या तोंड फिरवतील. त्यांनी मला बांधाशी नेऊन बसवलं, तांब्यातलं पाणी दिलं. मी पाकीट काढून त्यांच्या हातात ठेवलं. "हे आईंनी तुमच्यासाठी दिले होते. तेव्हाच. मी दिले नाहीत." त्यांनी नोटा बाहेर काढून बघितल्या. "म्हंजे आजीनं पैसेच दिलेले?" "हो." त्या कात्री उघडत-मिटत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं व्हतं. आजी तशी नव्हती." नोटा घडी करून कनवटीला लावल्या.

मग मी विचारलं, त्या दुपारी आईंना तुम्ही का नाही सांगितलंत? मी चहाला आत गेले होते, सांगता आलं असतं. त्या म्हणाल्या, "सांगणार काय वहिनी? आजी जायला टेकल्या व्हत्या. त्यांना सांगू का, तुमची सून माझा भरवसा धरत नाय म्हून? आन मला दुसऱ्या दिवशी तुमच्याच दारात यायचं व्हतं ना फुलं घिऊन." आणि मग, मी न विचारता, म्हणाल्या, "पन आजीनं विचारलं मला. तुम्ही आत गेल्या तशी माझा हात धरला. म्हणाल्या, 'किती दिले तिनं?' मी म्हणलं, दोनशे. तर म्हणाल्या, 'खरं सांग मला.' मी म्हणलं, आजी, दोनशेच, देवाशपथ. मला रडू आलं, मालकाच्या काळजीनं आलं का खोट्या शपथेनं, कोन जाणे. मग त्या भिंतीकडं वळल्या."

तेवढंच. मुकादमाने हाक मारली तशा त्या उठून गेल्या. जाताना म्हणाल्या, "येत जा वहिनी," आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं असं मला वाटलं.

आता मी इथे बसले आहे आणि ती भिंत माझ्यासमोर आहे. खाट काढली, चुना दोनदा झाला, तरी तुम्ही वळलात ती जागा मला कळते. मी इतकी वर्षं धरून चालले होते की तुम्हाला काही कळलं नाही, तुम्ही समाधानाने गेलात. तेवढ्या एका गोष्टीवर मी टिकून होते. आता ती राहिली नाही. "खरं सांग" असं माणूस कधी म्हणतं, आई? शंका आल्यावरच ना? आणि शंका मला विचारायच्याऐवजी तुम्ही तिला विचारलीत. घरात मी होते, वही तुमच्या उशाशी होती, पान उघडून खरं वाच म्हणायचं होतंत. मी नाही म्हटलं नसतं. एवढं तरी होतं माझ्यात, असं मला वाटतं. की तुम्हाला वाचता येत नसल्याचा मी फायदा घेतला हे तुम्हाला कळलं होतं, आणि मला त्या पानापुढे उभं करायचं तुमच्या जिवावर आलं?

आणि एक कबूल करायचं राहिलं. माळीणबाईंनी नोटा कनवटीला लावल्या तेव्हा मी कशाला म्हणून विचारलं नाही. पण परत येताना एस.टी.त अख्खी वाट माझ्या मनात तेच चाललं होतं, कशावर खर्च करतील, भाऊ तर काढून घेणार नाही ना, त्यापेक्षा ते पातळ बरं होतं. नाशिक आलं तरी तेच. इतकं होऊनही, आई.

हे पत्र कुठे टाकता येणार नाही हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं, तरी खाली वाकून नमस्कार करते आणि एवढंच मागते: त्या दुपारी माळीणबाईंनी शपथ घेतल्यावर तुम्ही भिंतीकडे वळलात, ते विश्वास बसला म्हणून की बसला नाही म्हणून, ते उलट टपाली कळवावं.